चार सुतीच्या जागी तीन सुती

"तिला कशाला साइटवर नेतोस, बाळू? तुझं लोखंड काही इंग्रजी बोलत नाही."

आत्या हे म्हणाली तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होते. आत अण्णा हसले. माझ्याशी बोलताना ते हसत नसत असं नाही, पण ते हसणं मला बरं वाटावं म्हणून असायचं. आत्याच्या बोलण्यावर मात्र ते मागे रेलून, चष्मा काढून, डोळे पुसत हसायचे. मी ट्रे आत नेऊन ठेवला आणि वळले.

"मडमबाई, साखर विसरलात," आत्या म्हणाली.

खरंच विसरले होते.

अण्णा ओव्हरसियर म्हणून सरकारी नोकरीतून बाहेर पडले आणि लोणावळ्यात बांधकामं घेऊ लागले. मुंबईकरांचे बंगले, एखादी धर्मशाळा, असली कामं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मोठं टेबल होतं आणि टेबलाशी दोन स्टुलं. त्यातलं दुसरं स्टूल आपलं, हे मी पाचगणीला इंग्रजी शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. मला भाऊ नव्हता. गणितात मी वर्गात पुढे असे आणि माझा हात रेखाटनाला स्वच्छ होता. रात्री झोपण्याआधी मी मनात ते टेबल लावत असे: अण्णा हिशेब सांगताहेत, मी नकाशा काढते आहे. शाळा संपवून घरी आले, तर त्या स्टुलावर आत्या बसलेली होती. मांडी घालून. स्टुलावर मांडी घालून बसता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आत्या ही अण्णांची मोठी बहीण. अण्णा तिला आक्का म्हणत, आई वन्सं म्हणे, आणि बांधकामावरची माणसं आक्काबाय. तिचे यजमान नाशिकला असत आणि ती आमच्याकडे. असं का, हे कोणी विचारत नसे. ती अण्णांपेक्षा चांगली चार बोटं उंच होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, नऊवारीचा काष्टा घट्ट, पायांत अण्णांचे जुने बूट. हातात छत्री, ती पाऊस असो नसो. छत्रीनं ती जमीन टोचून पाही, माणसांना दिशा दाखवी आणि कुत्री हाकलून लावी. नकाशाच्या रेघा मारायची माझी नवीकोरी टी-पट्टी मी टेबलावर विसरले की आत्या तिनं पाठ खाजवायची. "इंग्रजांनी एक तरी कामाची वस्तू केली," असं म्हणून परत ठेवायची, तीही उलटी.

बांधकामाचं तिला जे कळे ते अण्णांमुळे. अण्णा पुण्याला ओव्हरसियरच्या परीक्षेचा अभ्यास करत होते तेव्हा खोलीवर स्वयंपाकाला आत्या होती. रात्रीचा धडा अण्णा तिला मराठीत समजावून सांगत आणि सकाळी ती तोच धडा त्यांच्यावर उलटवी. अण्णा निघाले की ही दारात आडवी. प्रश्न विचारायची आणि उत्तर बरोबर आल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. अण्णा पास झाले. आत्याही झाली असती, पण तिला कोणी बसू दिलं नव्हतं.

ती रीत पुढे आमच्या घरात टिकून राहिली. दोघांपैकी जो घराबाहेर पडेल त्याला मागे राहणाऱ्यानं एक प्रश्न विचारायचा, आणि निघणाऱ्यानं पायरी उतरता उतरता उत्तर द्यायचं. आम्ही जेवत असलो, दारात पाहुणे असले, तरी हे व्हायचंच.

"बाळू, पायात सळ्यांची जाळी तळाशी का?"

"जमीन खालून ढकलते, पाया पोटाकडून फाटतो, म्हणून."

"जा."

आत्या बाजारात निघाली की अण्णा खुर्चीतूनच विचारत, "आक्का, सळईच्या टोकाला आकडा कशाला?"

"गुळगुळीत सळई काँक्रीटमधून सटकू नये म्हणून. मेथी आणू की चाकवत?"

मी बाहेर निघाले की दोघंही म्हणत, "नीट जा."

सुरुवातीला मला वाटलं, विसरतात. मग मी मुद्दाम सावकाश चपला घालू लागले. एकदा तर दारात उभी राहून छत्री उघडमीट केली. अण्णांनी वर पाहिलं आणि विचारलं, "बिघडली का?" तो त्या घरात निघताना मला विचारलेला एकुलता एक प्रश्न.

आत्यात दोष नव्हते असं नाही. ते मी फार बारकाईनं पाहून ठेवले होते. ती जेवताना मोठ्यानं बोले. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नसे. वर्तमानपत्र आधी तिच्या हातात गेलं की घरात उरलेल्यांना फक्त सुटी पानं मिळत. पत्त्यांत ती लबाडी करी आणि धरली गेली की "बघत होते, लक्ष आहे का तुमचं," म्हणे. यातली एकेक गोष्ट मी आईला सांगायची. आई ऐकून घेई, मान हलवी. एकदा म्हणाली, "वन्सं नसल्या की घर किती गप्प असतं, पाहिलंयस ना?" मला वाटलं होतं आई माझ्या बाजूची आहे.

तशी ती थोडीफार होतीही. तिचं दुःख वज्रीचं होतं. लोणावळ्याच्या हवेत लोखंड चार दिवस उघडं राहिलं की गंजतं. तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, लोखंड परवान्यावर मिळे आणि येई तेही कुठं कुठं पडून राहिलेलं. अंगणात सळ्या येऊन पडल्या की आत्या आईची पाय घासायची पितळी वज्री घेऊन बसे आणि एकेक सळई घासून बघे. "नुसता तांबूस रंग असला तर चालतो, काँक्रीट त्याला उलट चांगलं धरतं. पापुद्रा निघाला की टाकायची." आईची वज्री कायम तांबडी. आईनं एकदा ती डब्यात लपवून ठेवली, तर आत्यानं दुपारी सगळे डबे उघडून शोधून काढली आणि वर म्हणाली, "वहिनी, तुझी हरवली होती ती सापडली हो." आईनं आभार मानले. दुसरं काय करणार.

मला मात्र भाकरीचा प्रसंग जास्त लागला.

कार्ल्याला एक दवाखाना बांधायचा होता. गावातल्या एका भल्या माणसानं भाताचं खाचर दिलं होतं, रस्त्याला लागून. जागा सोयीची, पण माती मऊ. तिथं अरुंद पाया रुतला असता. अण्णांनी प्रत्येक खांबाखाली रुंद, सपाट काँक्रीटचा पाया धरला होता आणि त्याच्या तळाशी सळ्यांची आडवी-उभी जाळी. दवाखान्याच्या कमिटीचे एक गृहस्थ आमच्याकडे जेवायला आले आणि म्हणाले, "आमच्या आजोबांचं घर दगड-चुन्यावर उभं आहे. पायात लोखंड पुरायची ही काय नवी चाल?"

त्या पायाचा नकाशा मी काढला होता. शाई एकदाही पसरली नव्हती. बाजूला, जमीन कशी दाबते आणि पाया कसा वाकतो, तेही बाणांनी दाखवलं होतं. तो गुंडाळून भिंतीशी ठेवला होता आणि जेवण झालं की अण्णा तो उलगडतील याची मी वाट पाहत होते.

आत्यानं सकाळची गार भाकरी उचलली. दोन्ही अंगठे वरून मधोमध टेकवले, बोटं खालून कडांना लावली.

"हे अंगठे म्हणजे तुमचा खांब. ही बोटं म्हणजे जमीन. खांब खाली दाबतो, जमीन वर दाबते." आणि तिनं दाबलं. भाकरी कडकन तडकली. ती उचलून तिनं त्या गृहस्थांच्या नाकाशी धरली. "कुठून फाटली?"

"खालून."

"मग लोखंड कुठं घालायचं? तूप लावतात त्या बाजूला?"

गृहस्थ हसले, अण्णा हसले. लोखंड मंजूर झालं. अण्णांनी विचारलंही, "नकाशा पाहायचाय का?" तर ते म्हणाले, "भाकरी पाहिली की."

दुपारी सगळे लवंडल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन एक भाकरी घेतली आणि तसंच करून पाहिलं. ती ताजी होती. तडकली नाही, माझ्या बोटांत तिचा नुसता लगदा झाला. आई भांडी लावत होती. "टाकू नकोस, गाईला दे," एवढंच म्हणाली.

सळईची जाडी आणि दोन सळ्यांमधलं अंतर यावर बहीणभावांचा नेहमी वाद असे. कोणाच्या घरी राजकारणावर वाद होतो, आमच्याकडे यावर. आमच्याकडे सळईची जाडी सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच. चार सुती सळई म्हणजे अर्धा इंच जाड. आत्याचं म्हणणं, सळ्या बारीक घ्याव्या आणि जवळजवळ घालाव्या, चीर पडू लागली तर ठिकठिकाणी धरून ठेवतात. अण्णांचं म्हणणं, इतक्या जवळ नकोत की खडी मध्येच अडकेल आणि खाली पोकळ राहील. शेवटी तोड निघे. कार्ल्याला निघाली ती अशी: चार सुती सळ्या, आठ आठ इंचांवर, दोन्ही बाजूंनी.

आठ इंच म्हणजे आत्याची वीत. साइटवर तीच मोजपट्टी. मुकादम होते धोंडिबा आबा, कार्ल्याचेच, स्वतःची भाताची शेती सांभाळून हे काम करायचे. त्यांनी आत्याच्या वितीएवढी बांबूची कांब कापून घेतली होती आणि सगळी माणसं ती कांब दोन सळ्यांमध्ये धरून अंतर बघत. मी एकदा घरी टेप लावून आत्याची वीत मोजली, ती झोपली असताना. बरोबर आठ इंच निघाली. माझी सहासुद्धा भरत नव्हती.

आणखी एक गोष्ट मला सलत होती. मी घातलेला प्रत्येक आकडा अण्णा पुन्हा तपासत. पेन्सिलीची बारीक खूण करून, न बोलता. आत्याचं ते कधीच तपासत नसत. "आक्कानं बघितलंय ना?" म्हणत आणि सही करत.

पाये घालायचे त्या दिवशी अण्णांना सिमेंटच्या परवान्यासाठी पुण्याला जावं लागलं. जाताना ते म्हणाले, "आक्का, तू आहेस म्हणून काळजी नाही. कुमुदलाही ने. बघेल तरी." बघेल तरी. मी पेटीतून माझी वही काढली आणि पुन्हा आत ठेवली.

आम्ही मळवलीला उतरलो. तिथून बैलगाडी. भात निघून गेलं होतं, खाचरात धसकटं होती, खड्ड्यांच्या तळाला अजून ओल. आबा बांधावर उभे होते, कपाळाला आठ्या.

"आक्काबाय, घोटाळा झालाय. गज पातळ आल्याती. चार सुती न्हाईच म्हणतो दुकानदार. तीन सुतीच हायती समदे."

आत्यानं एक सळई उचलली, बांधावरच्या दगडावर आपटली, आवाज ऐकला. मग छत्रीवर रेलून थोडा वेळ गप्प राहिली. ती गप्प राहिली की माणसं आपोआप जवळ येऊन उभी राहत. तीही मला एक कलाच वाटे.

"चारचे तीन झाले ना, आबा? मग आठचे सहा करा. सोपं आहे."

"व्हय की," आबा म्हणाले. "पाऊण जाडी, तर पाऊण अंतर. बराबर हाय."

सगळ्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. आबांनी बांबूची कांब तोडून सहा इंचांची केली आणि माणसं खड्ड्यात उतरली. सळ्या मांडल्या गेल्या, गाठी तारेनं आवळल्या गेल्या. बायकांनी खडी, वाळू, सिमेंटचा ढीग तयार ठेवला. मी बांधावर बसले होते. माझ्यासमोर न वापरलेल्या सळ्यांचा ढीग होता, कापलेली तोंडं माझ्याकडे. शेजारी मागच्या कामावरून उरलेला एक चार सुती तुकडा पडला होता. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून मी ती तोंडं बघत राहिले.

चार सुतीचं तोंड तीन सुतीपेक्षा जरासं मोठं दिसायला हवं होतं. ते बरंच मोठं दिसत होतं. तीनाची दोन तोंडं मिळूनही जेमतेम त्याच्या पुढे जात होती.

मी खाली उतरले आणि ओल्या मातीत काटकीनं एक चौकोन काढला. चार घरं लांब, चार घरं रुंद. शेजारी दुसरा, तीन लांब, तीन रुंद. पहिल्यात सोळा घरं झाली, दुसऱ्यात नऊ. ओढ सहन करायची ती सळईच्या सगळ्या तोंडानं, नुसत्या रुंदीनं नव्हे. सोळाच्या जागी नऊ म्हणजे पाऊण नव्हे, अर्ध्याहून किंचित जास्त. मी तीनदा पुसून पुन्हा काढलं.

मग मला जे वाटलं तो आनंद होता. आत्या चुकली होती. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, आणि मला ते कळलं होतं. फक्त अण्णा नव्हते तिथं. त्यांनी ते पाहायला हवं होतं. आत्याचा चेहरा कसा उतरेल ते मी मनात बघून घेतलं.

सिमेंटच्या ढिगात पाणी पडायला लागलं होतं. मी आत्याजवळ गेले आणि तिचा पदर ओढला.

"काय गं मडम, तहान लागली?"

एवढी माणसं बघत होती. मी मान हलवली आणि बांधाकडे बोट केलं. ती कुरकुरत आली. चौकोनांकडे पाहिलं. छत्रीच्या टोकानं घरं मोजली, आधी मोठ्यातली, मग लहानातली.

"सोळाला आठ इंच," ती पुटपुटली. "म्हणजे नवाला..." आणि मान वर करून म्हणाली, "साडेचार."

तो आकडा माझ्या जिभेवर होता. तोही तिनंच म्हटला.

मग ती वळली. "आबा, पाणी थांबवा. जाळी सोडा."

"सोडा? आक्काबाय, सकाळधरनं बांधलीया. लय घट हाय."

"घट्ट आहे म्हणून बरोबर होते का? साडेचार इंचांवर बांधायची. सहावर बांधली तर पाया फाटेल एक दिवस."

"मगाशी तर तुमीच सांगितलं सहा."

"मीच सांगितलं आणि माझं चुकलं. ह्या मडमनं धरलं."

"बाय तर काय बोलल्याच न्हाईत," घमेलं घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली.

"न बोलता एवढं केलंय," आत्या म्हणाली. "बोलली असती तर मला खड्ड्यातच पुरलं असतं."

सगळे हसले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो उतरला नव्हता. त्यावर काहीच झालं नव्हतं. उलट ती जरा खुशीत होती, पत्त्यांत चांगलं पान आल्यासारखी. पदर खोचून ती स्वतः खड्ड्यात उतरली आणि हातात पकड घेऊन तारा सोडू लागली. आलेल्या सळ्यांत आता निम्मेअधिकच पाये झाले असते. बाकीच्यांसाठी थांबावं लागणार होतं. दुकानदाराला, लढाईला, स्वतःला आळीपाळीनं शिव्या देत ती तारा सोडत राहिली आणि माणसं तिच्याभोवती अशी कामाला लागली, की चूक सुधारणं म्हणजे कोणाच्या घरचं कार्य असावं.

संध्याकाळी अण्णा आले. मी दारातच होते, पण आत्या आतूनच ओरडली, "बाळू, आज मी गाढव ठरले, ये ऐक." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. आबांचा आवाज काढला. स्वतःचा, छत्रीवर रेललेला रुबाब करून दाखवला. मग पदराचं टोक ओढून, ओठ मिटून, डोळे मोठे करून अशी उभी राहिली, की ती मी होते. आईसुद्धा हसली. अण्णांनी चष्मा काढला.

ती गोष्ट तिनं नंतर कोणाकोणाला सांगितली त्याला गणती नाही. बाजारात, शेजारी, गाडीत अनोळखी बायकांना. माझं कौतुक करायची, नाही असं नाही. "पोर आमची हुशार, मला धरलं तिनं." पण प्रत्येक वेळी लोक बघत तिच्याकडे आणि हसत तिच्याबरोबर, आणि उठून जाताना म्हणत, "काय बाई आहे." मी एकदा बरोबर होते आणि ती एकदा चुकली, तर तिचं चुकणंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं, कारण ते तिनं सांगितलं होतं. मला वाटतं, इतकं तिच्यावर मी त्याआधी कधीच जळले नव्हते.

अण्णा त्या रात्री माझ्या खोलीच्या दाराशी आले होते. "बरं केलंस," म्हणाले. थोडं थांबले, आणखी काही म्हणतील असं वाटलं. तेवढ्यात आत्यानं पुढच्या खोलीतून हाक मारली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या नकाशावर त्यांच्या पेन्सिलीची खूण नव्हती. हे माझ्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं. न केलेली खूण चटकन दिसत नाही.

दवाखान्याच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या तेव्हा नाशिकहून आत्याचे दीर आले. यजमानांचं एक अंग लुळं पडलं होतं. दीर ओसरीवर बसून खाली बघत बोलत होते. आत्यानं पुरतं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच तिनं कोणाचं वाक्य तोडलं नाही. मग उठली आणि आईला म्हणाली, "वहिनी, तुझी वज्री खिडकीत आहे. धुऊन ठेवलीय."

एवढंच. का, कशाला, किती दिवस, काही नाही. अण्णा टेबलाशी जाऊन बसले आणि कोरा कागद पुढे ओढून त्यावर रेघा मारत राहिले. दुसरं स्टूल रिकामं होतं. मी त्यावर बसू शकले असते. दाराशीच उभी राहिले.

स्टेशनवर आम्ही चौघं आणि दीर गेलो. ट्रंक, वळकटी, छत्री. घाट उतरायचा असल्यानं लोणावळ्याला गाडी बराच वेळ थांबते, ब्रेक तपासतात. त्या दिवशी ती फारच थांबली. दीर आत जाऊन जागा धरून बसले. आत्या खिडकीशी. तिनं आईला लोणच्याच्या बरणीचं काहीतरी सांगितलं, मला म्हणाली, "टी-पट्टी सांभाळ, चांगली आहे."

ती अण्णांकडे बघत राहिली. मला कळलं ती कशाची वाट बघत होती. ती निघाली होती आणि अण्णा मागे राहणार होते. प्रश्न त्यांनी विचारायचा होता. अण्णांनाही ते माहीत होतं. त्यांनी एकदा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला. गार्डानं शिटी दिली. आत्याचा हात खिडकीच्या दांडीवर होता, तो मोठा हात, बोटं ताणलेली, आठ इंच. तिच्या तोंडावर मी तोवर कधी न पाहिलेलं काहीतरी येऊ लागलं होतं. चार माणसांसमोर चुकताना जो चेहरा उतरला नव्हता, तो आता उतरत होता.

मी किती वर्षं तो चेहरा उतरलेला बघायची वाट पाहिली होती.

गाडीला हिसका बसला. फलाटावर हमाल होते, सोजिरांचा एक घोळका होता, ओळखीचे दोन-तीन लोक होते. मी खिडकीबरोबर चालू लागले, आणि चालता चालता, त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, विचारलं,

"आत्या, चार सुतीच्या जागी तीन सुती, तर आठाच्या जागी किती?"